मित्रोपा कप: यादीतून गळालेला देश

चॅम्पियन्स लीग तुम्ही रात्री जागून बघत असाल. तिची एक आजी होती, मित्रोपा कप. १९२७ साली ऑस्ट्रियाच्या ह्यूगो माइस्लच्या पुढाकाराने सुरू झालेली. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया या शेजाऱ्यांचे प्रत्येकी दोन अव्वल क्लब. एक सामना आपल्या मैदानावर, एक समोरच्याच्या, आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज. पहिल्या फायनलमध्ये स्पार्टा प्रागने रॅपिड व्हिएन्नाला ६-२ हरवलं. परतीचा सामना १-२ असा गमावला, तरी कप त्यांचाच!

मला मात्र गोलांपेक्षा सहभागी संघांच्या याद्या चाळायला जास्त आवडतं. १९३३ आणि १९३६ चा विजेता ऑस्ट्रिया व्हिएन्ना. आणि १९३८ च्या यादीत एकही ऑस्ट्रियन क्लब नाही. संघ काही एकदम कच्चे पडले नव्हते. मार्चमध्ये हिटलरने अख्खा देशच जर्मनीला जोडून टाकला होता, मग कुठल्या देशाचे म्हणून खेळणार?

१९४० मध्ये हंगेरीचा फेरेंत्स्वारोश आणि रुमानियाचा रॅपिड (हा बुखारेस्टचा, वेगळा बरं का) फायनलला पोचले. युद्धामुळे ती फायनल कधी झालीच नाही.