जहाजावरची नाताळची पंगत

निवृत्त खलाशी नाताळच्या आठवणी सांगू लागला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं: चहूकडे पाणी, घर हजारो मैल दूर आणि कठड्याला टेकून उभा असलेला एकटा माणूस. आठवणींतला तपशील मात्र बहुतेकदा वेगळं सांगतो. त्यात जेवण असतं आणि ते रांधणारा असतो, डोलकाठीच्या शेंड्याला बांधलेलं नाताळचं झाड असतं, ऐन जेवणाच्या वेळी वॉचवर गेलेल्या सोबत्यासाठी झाकून ठेवलेलं ताट असतं. सणाच्या दिवशी जाणवणारा एकटेपणा आपण समुद्राच्या माथी मारून मोकळे होतो. माझ्या मते तो बराचसा दोन साध्या गोष्टींवर ठरतो: जहाजावर माणसं किती ठेवली आहेत आणि त्यांना एकत्र बसायला वेळ किती दिला आहे. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत, म्हणूनच त्याबद्दल बोलायला हवं.

जहाज सणासाठी थांबत नाही. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा अशा वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, नाताळच्या दिवशीही चालूच राहतात आणि गॅलीतलं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातलं, काम तर दुपटीने वाढतं. गोठवलेली टर्की दोन-तीन दिवस आधी बाहेर काढून थंड खोलीत ठेवावी लागते. शेगडीभोवती कठडा असतो आणि त्यात आडव्या दांड्या बसवून पातेली जखडलेली असतात. तरीही समुद्र खवळलेला असेल तर पातेलं रश्शाने अर्धंच भरायचं, तळण टाळायचं, सुरी हातातून खाली ठेवताना ती घसरणार नाही याची खात्री करायची. मेसच्या टेबलावर ओला कपडा अंथरतात, म्हणजे ताटं जागची हलत नाहीत. फिलिपिनो खलाशी असले तर डेकवर अर्धं कापलेलं पिंप मांडून निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर भाजलं जातं. ते तासन्‌तास फिरवत राहावं लागतं, त्यामुळे वॉच संपवून आलेले आळीपाळीने दांडा धरतात. गप्पा खऱ्या रंगतात त्या याच वेळी. सण साजरा होतो तो अशा वाटून घेतलेल्या कामातून. काम वाटून घ्यायला माणसंच नसतील, तर उरतं ते नेहमीपेक्षा थोडं चांगलं जेवण.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे जुन्या काळाचे गोडवे गाणं झालं. आक्षेपात तथ्य आहे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर स्वयंपाक आणि वाढपाच्या कामात गोव्याची माणसं मोठ्या संख्येने असत, तर डेकवर सारंग आणि तांडेलाच्या हाताखाली रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. त्यांचा पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी होता आणि राहण्याची जागाही वेगळी नि अपुरी. गोव्याचा स्ट्युअर्ड नाताळची मेजवानी आधी प्रवाशांना वाढायचा. त्याचा स्वतःचा सण भांडी आवरल्यावर सुरू व्हायचा. तो काळ परत यावा असं कोणी म्हणू नये. पण त्या अन्यायातही एक गोष्ट होती: माणसं भरपूर होती आणि एकाच भागातली होती. मुंबईत धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांमध्ये, एकाच गावचे लोक बोटीची वाट पाहत एकत्र राहत, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत. बोटीवरही रात्री उशिरा तसाच घोळका जमू शकत होता. पगारातला भेद गेला पाहिजे होता. त्याबरोबर घोळकाही गेलाच पाहिजे, असा नियम नव्हता.

आज काय दिसतं? 2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरचं जहाज सुमारे 400 मीटर लांबीचं, आणि त्यावर माणसं पंचवीस, सगळी भारतीय. पूर्वी मालवाहू बोट बंदरात अनेक दिवस, कधी आठवडे राहायची. कंटेनरचं जहाज अनेकदा दिवसाभरात निघतं, त्यामुळे नाताळ बंदरात आला तरी किनाऱ्यावर उतरायला मिळेलच असं नाही. सागरी कामगार करार हा आंतरराष्ट्रीय करार किमान विश्रांती ठरवतो ती चोवीस तासांत दहा तासांची. म्हणजे चौदा तास काम करूनही दिवस नियमात बसू शकतो. असा दिवस काढलेला माणूस पंगतीला बसण्याऐवजी झोपायला गेला, तर त्याला दोष कसा देणार?

दुसरा आक्षेप इंटरनेटचा: घरच्यांशी बोलता येतं, मग एकटेपणा कसला? जहाजावरच्या माणसाला घरच्यांशी संपर्क साधता यावा म्हणून याच करारात केलेली दुरुस्ती 23 डिसेंबर 2024 पासून, ऐन नाताळच्या तोंडावर, लागू झाली. पूर्वी रेडिओवरून घरी बोलायला तासन्‌तास खोळंबावं लागे. आता मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वी मुलांचे चेहरे दिसू शकतात. हे मोठंच सुख आहे आणि ते प्रत्येक जहाजावर पोचलं पाहिजे. पण फोन माणसाला घराशी जोडतो, शेजारच्या केबिनशी नाही. आजारपणात, वादळात, भांडणात धावून येणारा शेजारच्या केबिनमधलाच असतो. त्याची ओळख पक्की होते ती एका टेबलावर बसून.

तिसरा आक्षेप खर्चाचा: यंत्रं आली, माणसं कमी लागतात. जहाज चालवायला कमी लागतात, हे मान्य. पण त्यावर आठ-नऊ महिने राहायला किती लागतात, हा हिशेब कुठेच मांडला जात नाही. आणि वेळ म्हणजे परतीची तारीखही. 2020 च्या नाताळात ‘जग आनंद’ हे जहाज 23 भारतीयांसह चीनच्या किनाऱ्याबाहेर जूनपासून नांगर टाकून होतं. तिथे पंगतीला माणसं होती, वेळही होता. पण घरी कधी जाणार याचं उत्तर नव्हतं. कोविडच्या त्या काळात जगभर सुमारे चार लाख दर्यावर्दी असेच अडकले होते.

म्हणून मागणी साधी आहे. सणाच्या आठवड्यात गॅलीत एक जादा हात, वॉचची अदलाबदल करून सगळ्यांना एकदा तरी एकत्र जेवता येईल अशी वेळ, बंदरात असल्यास किनाऱ्यावर जाण्याची मुभा आणि नोकरीच्या कराराची मुदत संपली की सुटका. अन्न देताना खलाशांचे धर्म आणि चालीरीती लक्षात घ्याव्यात, असं सागरी कामगार करार आजच सांगतो. त्यात एवढीच भर घालावी की ते अन्न रांधणाऱ्यालाही पंगतीत बसता आलं पाहिजे.