होमोसिस्टीन आणि हृदय : वनजिल्ह्यांतील वैद्यांसाठी काही विचार

हृद्रोग आणि पक्षाघात हे शहरातील सुखवस्तू माणसांचे व्याधी आहेत, ही समजूत आता सोडावयास हवी. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ खेड्यांमध्ये झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण ठरले. दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू त्यामुळे झाला होता. अशा प्रदेशात काम करताना, धमन्यांच्या विकृतीशी जोडल्या जाणाऱ्या होमोसिस्टीनचा विचार आम्हांला अगत्याचा वाटतो.

गंधकयुक्त अमिनो आम्ले

मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधक धारण करणारी दोन अमिनो आम्ले. मेथिओनिन आहारातूनच मिळावे लागते. त्याच्या पचन-परिवर्तनात होमोसिस्टीन निर्माण होते. फॉलिक आम्ल व जीवनसत्त्व बी-१२ यांच्या साहाय्याने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते, किंवा बी-६च्या साहाय्याने सिस्टीन होते. हे मार्ग अडले की रक्तातील होमोसिस्टीन वाढते. १९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅककली यांनी, जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन फार वाढलेल्या बालकांच्या धमन्या वृद्धांसारख्या कठीण झाल्याचे दाखविले. तेव्हापासून या विषयाची चर्चा सुरू आहे.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. गंधक रसायनातील गंधक आणि हे गंधक यांची गल्लत करू नये. मूलरूप गंधकापासून मानवी शरीर मेथिओनिन घडवू शकत नाही.

अतिरेक की अभाव?

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी घेणाऱ्यांमध्ये हृद्रोग व प्रमेहाची जोखीम दर्शविणारे घटक कमी आढळले. तेथील प्रौढांचे सेवन सरासरी गरजेच्या सुमारे अडीचपट होते. हा निष्कर्ष तसाच उचलून येथील रुग्णाला अंडी, मासळी वा डाळ वर्ज्य करण्यास सांगणे मात्र अनर्थकारक होईल.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी, तर ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आढळले. म्हणजे आपल्याकडे होमोसिस्टीन वाढते ते मुख्यतः बी-१२च्या अभावाने, मेथिओनिनच्या अतिरेकाने नव्हे.

आपल्या धान उत्पादक पट्ट्यातील लाखोळीचे उदाहरण याच दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्यात मेथिओनिन व सिस्टीन अल्प असते. भातासोबत प्रमाणात खाल्ल्यास ती उणीव काही अंशी भरून निघते. परंतु दुष्काळात महिनोन्महिने केवळ लाखोळीवर गुजराण करणाऱ्यांना पायांचा लुळेपणा आल्याचे सर्वज्ञात आहे. त्याला तिच्यातील विषारी घटक कारणीभूत असतो आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीव त्या विषाला बळ देते, असे मानले जाते.

गोळ्यांनी हृदय वाचते काय?

जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन निश्चित उतरते. तथापि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप-२’ (५,५२२ रुग्ण) आणि नॉर्वेतील ‘नॉरव्हिट’ (३,७४९ रुग्ण) या मोठ्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताबाबत चित्र थोडे निराळे आहे. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवरील २०१५ सालच्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधासोबत फॉलिक आम्ल दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. तेथेही रक्तदाबाचे औषध सर्वांना दिलेले होते, हे विसरू नये.

तपासणीबाबतही सावधगिरी हवी. होमोसिस्टीनचे सामान्य प्रमाण दर लिटरला ५ ते १५ मायक्रोमोल मानतात. रक्त काढल्यावर ते थंड ठेवून तासाभरात पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर पेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहते आणि आकडा खोटा वाढतो. भामरागड वा एटापल्लीहून दूरच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या नमुन्याबाबत हा प्रश्न आधी विचारावा.

आपले कर्तव्य

आमच्या मते वैद्य व औषधालयचालक यांनी पुढील क्रम ठेवावा. प्रथम प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजावा. तो वारंवार १४०/९० वा अधिक आढळल्यास उपचार सुरू होईपर्यंत पाठपुरावा करावा. खर्रा, तंबाखू व अतिलवण यांचा निषेध पथ्यापथ्यात स्पष्ट शब्दांत असावा. हातापायांना मुंग्या, पांडुता, जिभेचा दाह अशी लक्षणे असणाऱ्यांत, तसेच दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२चा अभाव शोधावा. बी-१२ न तपासता केवळ फॉलिक आम्ल देत राहू नये. रक्त सुधारलेले दिसते, पण नाड्यांची हानी चालूच राहते. बोडीतील मासळी, अंडी, दूध यांपैकी ज्याला जे चालते ते आहारात सुचवावे.

लशुनाचा वातविकारांतील उपयोग आपणांस परिचित आहे. त्याचा उग्र गंधही सिस्टीनपासून बनलेल्या गंधकयुक्त घटकांमुळेच येतो. परंतु रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास लशुनाचे कल्प अधिक मात्रेत देताना रक्तस्रावाची शक्यता ध्यानी घ्यावी.

‘हृदयरक्षक’ म्हणून होमोसिस्टीनच्या गोळ्या विकणे सोपे आहे. परंतु त्या गोळ्यांच्या समाधानात रुग्णाचा रक्तदाब मोजावयाचा राहून गेला, तर त्याची किंमत त्याचे कुटुंब मोजते. दुकानाच्या फळीवरील रक्तदाबमापक या दोन जिल्ह्यांत अधिक आयुष्ये वाचवील, असे आम्हांस वाटते.