चढणीच्या माशाला वाट द्या

पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे पकडणे ही सातारा-सांगलीकडची जुनी हौस. पण नेमक्या याच दिवसांत माशाच्या पोटात पुढची पिढी असते.

मृगाचा पाऊस दोन दिवस लागून पडला, की पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या पश्चिम भागातले ओढे गढूळ होऊन वाहू लागतात. ओढ्याचे पाणी नदीला मिळते आणि रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे बांधावर जमतात. ‘मासे चढायला लागले,’ एवढा निरोप पुरतो. कोणी गळ टाकतो, कोणी ओघळीच्या तोंडाशी जाळे धरतो, तर कोणी काठीनेच मासा मारतो. मासेमारीवर पोट असणारे यात असतातच, पण वर्षातून एकदा हौस म्हणून येणारेही कमी नसतात. घरी गेल्यावर मासा चिरला की आत गाभोळी भरलेली दिसते. मासा चढतो कशासाठी, याचे उत्तर तिथेच असते.

पाऊस माशाला कसा कळतो?

उन्हाळ्यात दिवस मोठा होत जातो, पाणी तापते आणि माशाच्या अंगात अंडी तयार होऊ लागतात. पावसाचे पहिले लोंढे आले, की पाण्याचे तापमान उतरते, प्रवाह वाढतो आणि पाणी गढूळ होते. या बदलांची खबर मेंदूला लागते. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडते आणि अंडी पक्व होऊन बाहेर पडण्याच्या बेताला येतात. मग मासा प्रवाहाविरुद्ध निघतो. वरच्या उथळ, ताज्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, मोठे शिकारी मासे कमी असतात आणि पिलांना खाद्य मिळते.

या ग्रंथीची ताकद भारतातही सिद्ध झाली. रोहू, कटला हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले. पावसाचा निरोप जणू सुईतून पोहोचला. आज गावोगावच्या शेततळ्यांत सोडले जाणारे मत्स्यबीज हे त्याच प्रयोगाचे फळ. नदीतल्या माशाला मात्र असे इंजेक्शन कोणी देत नाही. त्याला पाऊस, प्रवाह आणि मोकळी वाट लागते.

सॅमनचा धडा

प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांत जगभर गाजलेला मासा म्हणजे सॅमन. मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण रावस त्या कुळातला नव्हे. खरा सॅमन थंड प्रदेशातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. समुद्रातून नदीच्या मुखाशी आला की हौशी मंडळी गळ घेऊन किनाऱ्यावर उभी असतातच.

मासे घटू लागले तसे तिथले नियम बदलत गेले. इंग्लंडमध्ये 16 जूनपूर्वी गळाला लागलेला सॅमन पुन्हा पाण्यात सोडावाच लागतो. आयर्लंडने 2007 पासून समुद्रातली तरंगती सॅमनजाळी बंद केली. कोणत्या नदीत मासा घरी न्यायचा आणि कोणत्या नदीत पकडून सोडून द्यायचा, हे तिथे नदीनुसार ठरते. हौसेवर बंदी नाही, पण अंडी घालायला निघालेल्या माशाला आधी वाट मिळते. आपल्याकडे समुद्रात 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी थांबते, त्यामागे हाच विचार आहे. ओढ्यावरच्या बॅटरीवाल्यांपर्यंत मात्र तो पोहोचलेला नाही.

कोण चढतो, कोण नाही?

कृष्णा खोऱ्यातला चढणीचा मानकरी म्हणजे महाशीर. दख्खनच्या या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केले. शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द त्यांनी इथल्याच बोलीतून उचलला. हा मासा वाहत्या, स्वच्छ पाण्यात, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. ती रोहूच्या मानाने मोजकीच असतात, त्यामुळे अंड्यावरची एक मादी गेली तर तिची भरपाई सहज होत नाही.

याउलट चिलापी. मूळची आफ्रिकेतली ही जात 1952 मध्ये भारतात आली. तिला चढण लागत नाही. साचलेल्या पाण्यात ती वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि मादी ती तोंडात सांभाळते. धरणे आणि बंधारे झाले तसे वाहते पाणी थांबले आणि चिलापीला रान मोकळे मिळाले. कोयना, धोम यांसारखी धरणे माशाला ओलांडता येत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे मात्र पावसाळ्यात बरगे काढले जातात. ते वेळेवर निघाले, तर माशाची वाट मोकळी होते. त्यातच प्रदूषणाची भर. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा नदीत जे थोडे मासे अंड्यापर्यंत पोहोचतात, त्यांना ओढ्याच्या तोंडाशीच गाठणे नदीला महाग पडते.

सोडलेला मासा जगतो का?

‘आम्ही पकडतो आणि सोडून देतो,’ असे अनेक गळवाले सांगतात. मासा जगेल की नाही, हे तो कसा सोडला यावर ठरते. झुंज देताना माशाच्या स्नायूंत आम्ल साचते आणि त्याला धाप लागलेली असते. त्याच क्षणी त्याला हवेत धरले, की कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. कॅनडात 1992 मध्ये सॅमनच्या कुळातल्या ट्राउट माशांवर प्रयोग झाला. दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के आणि पूर्ण मिनिट धरलेल्यांपैकी 72 टक्के मेले. म्हणजे एका फोटोला लागणारा वेळ माशाच्या जिवावर बेततो. वेगवेगळ्या जातींत हे आकडे बदलतील, पण कल्ल्यांचे गणित तेच राहते.

गळ टाकताना

• जून-जुलैत ओढ्याच्या आणि ओघळीच्या तोंडाशी गळ किंवा जाळे लावू नये. पोट फुगलेली मादी लागली तर लगेच सोडावी.

• घरी न्यायचा तर चिलापी न्यावा. तो कितीही नेला तरी नदीचे बिघडत नाही.

• काटा नसलेली गरी वापरावी, ती पटकन निघते. माशाला ओल्या हातानेच धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतुसंसर्ग होतो.

• फोटो काढायचाच तर मासा पाण्यात ठेवून काढावा.

• सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पाण्यात विजेचा प्रवाह सोडणे माणसाच्याही जिवावर उठते.

• मेलेले, तरंगणारे मासे गोळा करून खाऊ नयेत. ते कशाने मेले हे डोळ्यांना दिसत नाही आणि काही विषे शिजवूनही जात नाहीत.

• पायाला जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. गरी हातात रुतली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पाण्यात वावरल्यानंतर काही दिवसांत ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

चढणीचे दिवस फार नसतात. तेवढे दिवस गळ खुंटीला टांगून ठेवला, तर हौस बुडत नाही. दिवाळीनंतर नितळ झालेल्या पाण्यात तोच गळ टाकायला मासा शिल्लक असेल.