पेल्यातला गाळ कुणाचा?

दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजते. घरात एकट्या काकू, नाहीतर निवृत्त आजोबा. दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. "काकू, तुमच्या एरियात पाणी तपासणी चालू आहे. फुकट आहे, दोन मिनिटं लागतील." महापालिकेकडून आलोय असं तो म्हणत नाही, पण तसं वाटू देतो. थोड्या वेळाने ओट्यावर दोन पेले दिसतात. एकात आपल्या नळाचं पाणी, तपकिरी झालेलं, वर मळकट फेस, तळाशी गाळ. दुसऱ्यात त्याच्या कंपनीच्या आरओ यंत्राचं, नितळ. "हे तुम्ही नातवंडांना पाजता, काकू."

पेल्यात जे दिसतं ते खरं असतं. खोटं असतं ते त्यावर बोललेलं वाक्य. म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. डोळ्यांसमोर घडलेलं कोण नाकारणार?

समज: कांड्या बुडवल्यावर पाण्यातली घाण वर येते.

पेल्यांत बुडवायच्या त्याच्या छोट्या विजेच्या उपकरणाला चार कांड्या असतात, साधारणपणे दोन लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या. प्लग लावला की वीज पाण्यातून वाहते आणि कांड्यांचा धातू झिजून पाण्यात उतरतो. लोखंडाची संयुगं आधी हिरवट, मग हवा लागून गंजासारखी तपकिरी होतात. ॲल्युमिनियमचा पांढरट साका धरतो. तो गाळ कांड्यांचा. नववी-दहावीच्या विज्ञानात विद्युत अपघटन म्हणून शिकलेला हाच प्रकार.

मग त्याच्या पेल्यात का होत नाही? आरओच्या पाण्यातले क्षार जवळजवळ सगळे निघून गेलेले असतात आणि क्षार नसले की पाण्यातून वीज नीट वाहत नाही. वीज नाही, तर झीज नाही. खात्री करायची तर त्याच्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या पुन्हा बुडवायला सांगा. पाहता पाहता तोही पेला तसाच गढूळ होतो. काही जण छापील तक्ताही दाखवतात: हिरवं म्हणजे अमुक विष, काळं म्हणजे शिसं. रंगावरून पाण्यातलं शिसं ओळखता आलं असतं, तर प्रयोगशाळांना महागडी उपकरणं घ्यावी लागली नसती. (आणि २३० व्होल्टची वायर ओट्यावरच्या ओल्या पेल्यात सोडणं हा वेगळाच धोका. त्याबद्दल तो मुलगा काही बोलत नाही.)

समज: टीडीएस कमी, तितकं पाणी शुद्ध.

टीडीएस दाखवणारं त्याचं पेनासारखं मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. बस, इतकंच. जंतू, कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड किती हेही ते वेगळं सांगू शकत नाही. आरओच्या पाण्यात सांडपाण्याचे दोन थेंब पडले तरी आकडा जेमतेम हलेल. उलट शहाळ्याच्या पाण्यात तेच पेन बुडवा, आकडा हजारांत जाईल. म्हणून कुणी आजाऱ्याला शहाळं द्यायचं थांबत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएससाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतची पातळी स्वीकारार्ह मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा देतं. तानसा, भातसा, वैतरणा या धरणांचं पावसाचं पाणी पिणाऱ्या मुंबईकराला "तुमचा टीडीएस वाढलाय" असं घाबरवणं म्हणजे कमालच. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने राज्यांच्या राजधान्यांतल्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली, तेव्हा मुंबईचे सगळे नमुने मानकात बसले होते. पुढे सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत त्या पाण्याचं काय होतं, ही खरी काळजीची गोष्ट; पण ती टीडीएसच्या पेनाला कळत नाही.

आरओ म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलॅन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेच्या तपासणीत काही खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यात जिवाणू सापडले आणि ते प्रकल्प बंद करावे लागले.

समज: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे विष आहे.

हा प्रयोग खेड्यात कुणाला नवा नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि आरोग्यसेवक नळावर क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करतो, ती हीच. पाणी पिवळं झालं की तो समाधानाने वहीत नोंद करतो, कारण क्लोरीन शिल्लक आहे म्हणजे वाटेत शिरणाऱ्या जंतूंना पहारेकरी आहे. मानकानुसार लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावंच लागतं. एकाच रंगावर तिथे समाधान आणि इथे घबराट.

यातला दुसरा अंक आणखी नाट्यमय. काकूंना पेल्यात बोटं मिनिटभर बुडवायला सांगतात. मग थेंब टाकले तर रंगच येत नाही. "बघा, क्लोरीन तुमच्या अंगात गेलं!" ते अंगात गेलेलं नसतं. बोटांवरच्या तेलकटपणावर आणि मळावर खर्च झालेलं असतं, आणि तेच त्याचं काम.

अल्कलाइन पाण्याची यंत्रं विकणारी मंडळी बेल वाजवत नाहीत. ती ओळखीतून, चहाच्या निमंत्रणातून येतात आणि यंत्राची किंमत लाखांत असते. रंगीत थेंबांनी पाणी निळं-जांभळं करतात. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानेही रंग तसाच बदलतो. बीटाडीनचा रंग घालवून दाखवतात. लिंबाच्या रसानेही तो जातो. आणि आपलं जठर मुळातच इतकं आम्लयुक्त असतं, की तिथे पोचल्यावर या अल्कलाइनपणाचं काही उरत नाही.

आरओ निरुपयोगी आहे असं मात्र नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांत बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल, तर आरओ यंत्र घरात हवं. ज्याच्या नळाला धरणाचं शुद्ध केलेलं पाणी येतं, त्याने घेतलं तर लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं आणि क्लोरीन निघून गेल्यामुळे यंत्राची टाकी वेळच्या वेळी धुवावी लागते. शंका असेल तर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंच्या प्राथमिक अंदाजासाठी एच-टू-एसची बाटलीही मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळं पडलं तर गडबड आहे.

"आजच बुक केलं तरच ही किंमत" यावर सही करण्याआधी एवढं ठाऊक असावं: घरोघरी विकलेल्या वस्तूवर काही दिवसांत कारण न देता सौदा मोडण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार मात्र थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी येऊ नये. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.

पण इतकं पुढे जायची वेळ बहुधा येत नाही. कांड्या, पेन, थेंब सगळं पाहून झालं की शांतपणे एक कोरा कागद पुढे करायचा: "आमच्या नळाच्या पाण्यात शिसं आहे, हे कंपनीच्या शिक्क्यासह लिहून द्या." बॅग आवरायला दोन मिनिटंही लागत नाहीत.