खाण बंद करण्याचे नियोजन

खनिज संपल्यावर खाणीची जमीन व पाणी सुरक्षित करून ती पुन्हा वापरात आणणे, हा खाणबंदीच्या नियोजनाचा गाभा. ते खाण सुरू होण्याआधीच करावे लागते, कारण खनिज संपले की उत्पन्नही थांबते. भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये कोळसा खाणींच्या अशा नियोजनासाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. खाणमालक दरवर्षी एस्क्रो खात्यात रक्कम भरतो. कामाची खात्री पटल्यावरच ती परत मिळते.

लोहखनिजाच्या खाणींनाही असे नियोजन किती निकडीचे आहे, हे गोव्यात स्पष्ट दिसते. डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांत लोहखनिज काढताना निघालेल्या मातीदगडाचे प्रचंड ढीग आहेत. पावसाळ्यात त्यांतली लाल माती ओढ्यांतून भातशेतीत उतरते. भूजलपातळीच्या खाली गेलेल्या खाणींतून पाणी उपसले, की आसपासच्या विहिरी आटतात.

उपाय ठाऊक आहेत. ढिगांना पायऱ्यांसारखा उतार द्यायचा, पायथ्याशी दगडी बांध घालायचा, गाळ अडवायचा आणि सुरुवातीला वेगळी राखलेली सुपीक माती पसरून स्थानिक झाडे लावायची. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणक्षेत्रावर पुन्हा गवत वाढवणे बंधनकारक करण्याचा आदेश दिला. खनिज वाहून नेणारे ट्रकचालक आणि बार्जवरील कामगार यांच्या पर्यायी रोजगाराची तरतूदही खाणबंदीच्या आराखड्यात हवी.