फ्लूट बेसूर की फुंक?

मॅट मॉलॉय ऐकलात, आयरिश फ्लूटच्या प्रेमात पडलात, खिसा चाचपला आणि ऑनलाइन दिसली ती स्वस्तातली फ्लूट मागवलीत. आता ट्यूनर अ‍ॅपचा काटा काही केल्या मध्यावर येत नाही. ‘फ्लूट भंगार आहे’ किंवा ‘आपल्याला कानच नाही’ असा निकाल लावून ती कपाटात टाकू नका. दोष कुणाचा, हे घरच्या घरी तपासता येतं.

आधी फ्लूट तापू द्या. थंड नळी उतरलेलाच सूर देते. पाच-दहा मिनिटं वाजवा, मगच ट्यूनर उघडा. अ‍ॅपमध्ये ‘ए’ ४४० हर्ट्झवर आहे ना, तेही बघून घ्या.

दुसरं, काट्याकडे बघत वाजवू नका. ओठ नकळत काट्याची मर्जी सांभाळायला लागतात. डोळे मिटा, लांब सूर धरा, तो स्थिरावला की बघा. सगळेच सूर सारखेच चढे असतील तर ट्युनिंग स्लाइड थोडी बाहेर ओढा, उतरलेले असतील तर आत ढकला. आपल्या बांबूच्या बासरीत ही सोय नसते. तिथे पट्टी बदलायची म्हणजे बासरीच बदलायची. स्लाइड पूर्ण आत घालूनही सूर खालीच? मग फुंकेचं भोक ओठाने जास्त झाकलं जातंय. फ्लूट किंचित बाहेरच्या बाजूला फिरवा.

आता खरी परीक्षा. सहाही भोकं बंद करून खालचा ‘डी’ वाजवा, मग फक्त पहिलं भोक उघडून वरचा. खालचा उतरलेला आणि वरचा चढा येतोय? बहुतेक वेळा हा फुंकेचा दोष असतो. वरच्या सप्तकासाठी जोर लावू नका, ओठांमधली फट लहान करा.

तरीही दोन्ही सप्तकं जुळेनात, तर डोक्याकडच्या टोकातलं बूच तपासा. फुंकेच्या भोकाच्या मध्यापासून ते साधारण १९ मिलिमीटरवर, म्हणजे तिथल्या नळीच्या आतल्या व्यासाइतक्या अंतरावर हवं. स्वस्त फ्लूटमध्ये ते सरकलेलं असू शकतं.

एक सवलत मात्र द्या. जुन्या धाटणीच्या बऱ्याच फ्लूटमध्ये ‘एफ शार्प’ मुळातच थोडा उतरलेला असतो. वाजवणारे तो ओठाने सांभाळून घेतात.

एवढं करूनही, महिनाभराच्या रियाजानंतर एक सूर वर, दुसरा खाली अशीच तऱ्हा असेल, तर भोकंच चुकीच्या जागी पाडलेली आहेत. तिथे स्लाइडही काही करू शकत नाही. एखाद्या जाणकाराकडून वाजवून खात्री करून घ्या आणि पुढच्या वेळी लाकडाचाच हट्ट सोडा. नीट बनवलेली, बिनचाव्यांची प्लास्टिकची फ्लूट शोभेच्या लाकडी फ्लूटपेक्षा कितीतरी सुरेल वाजते. आणि हो, तुमचा कान ठीक आहे. बेसूर कळलं, ते त्यालाच!