नजरेची जडणघडण
मराठी कानाला ‘त’ आणि ‘ट’ सारखेच ऐकू येतील, ही कल्पनाच करवत नाही. पण इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक प्रौढांना त्यांतला फरक कळत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतले हेच दोन ध्वनी ऐकवले होते. ध्वनी बदलल्यावर बाळाने मान वळवली, की समोर खेळणे उजळायचे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक अचूक टिपला. वर्षाच्या उंबरठ्यावरच्या बाळांपैकी फार थोड्यांना तो जमला. हिंदी कानावर पडत असलेल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र काहीच अडचण आली नाही. कान दोन्हीकडे शाबूत होते. ज्या फरकाला घरात काही अर्थ नव्हता, त्याकडे लक्ष देणे मेंदूने सोडून दिले होते.

चेहऱ्यांचेही असेच होते. डेव्हिड केली आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या गोऱ्या बाळांवर केलेल्या अभ्यासांत नवजात बाळांनी कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याला झुकते माप दिले नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहू लागली होती. नवव्या महिन्यापर्यंत इतर वंशांतील माणसे एकमेकांपासून वेगळी ओळखणेही त्यांना जड जाऊ लागले. ‘ते सगळे सारखेच दिसतात’ हे वाक्य बोलता येण्याच्या कितीतरी आधी त्याची पूर्वतयारी झालेली असते.

यावर कोणी म्हणेल, आपल्यासारख्यांकडे ओढा असणे हा निसर्गच आहे. तसे असते तर परिसर बदलल्याने काही बिघडायला नको होते. पण इथिओपियातून इस्रायलमध्ये आलेल्या कुटुंबांतल्या, दोन्ही वर्णांची माणसे रोज पाहणाऱ्या तीन महिन्यांच्या बाळांमध्ये असा कल आढळलाच नाही. त्याहून बोलके उदाहरण कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांचे. तीन ते नऊ वर्षांच्या वयात गेलेली ही मुले मोठी झाल्यावर आशियाई चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक चांगले ओळखत होती. निसर्गाने दिली ती शिकण्याची ताकद; काय शिकायचे ते भोवतालाने ठरवले. अर्थात, चेहरा न ओळखता येणे म्हणजे द्वेष नव्हे. पण ज्यांना आपण एकेकटे माणूस म्हणून पाहू शकत नाही, त्यांच्यावर सरसकट शिक्का मारणे सोपे जाते, हे नाकारता येणार नाही.

खरा अवघड आक्षेप आपल्याच गावांतून येतो. एका शिवारात पिढ्यानपिढ्या राहूनही जातीचा पूर्वग्रह गेला नाही, मग सहवासाने काय साधते? याचे उत्तर सहवासाच्या प्रकारात आहे. गावाने माणसे जवळ ठेवली, पण वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा आणि कामातली पायरी जन्माने ठरलेली. म्हणजे रोजच्या व्यवहारातून उतरंडीचाच सराव होत राहिला. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवून हाच मुद्दा तपासला. ज्यांना वेगवेगळ्या जातींचे सहकारी एकाच संघात मिळाले, त्यांच्यात जातीपलीकडची मैत्री वाढली. जे इतर जातींच्या खेळाडूंशी केवळ प्रतिस्पर्धी म्हणून भिडले, त्यांच्यात संबंध उलट घटले.

शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशांकडे म्हणूनच फक्त गरीब मुलांची सोय म्हणून पाहणे अपुरे आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना या प्रवेशांतून वगळण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला, हे फार चांगले झाले. दिल्लीच्या महागड्या शाळांत गौतम राव यांनी केलेल्या अभ्यासात गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी निघाली. त्यांचे इंग्रजीचे गुण किंचित घटले, हेही राव यांनी नोंदवले आहे; हिंदी आणि गणितात फरक पडला नाही. पालकांची काळजी अगदीच निराधार नाही, पण लाभाच्या मानाने ही किंमत फार लहान आहे. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांनुसार पाडलेले होते, म्हणून कोणाच्या गटात कोण येणार हे योगायोगावर ठरले. परिणामाचा मोठा वाटा तिथेच सापडला, एका गटात बसून एकत्र अभ्यास केलेल्या मुलांमध्ये.